मुलांनी विचारले, तर आपण काय सांगणार?

वय झाले की माणूस मृत्युपत्राचा विचार करू लागतो. घर कोणाला, वाडी कोणाला, आईच्या पाटल्या कोणत्या सुनेला, बँकेतल्या ठेवीचे किती वाटे करायचे, हे सारे वकिलाकडून नीट लिहून घेतले जाते. साक्षीदारांच्या सह्या होतात. परंतु ज्या तत्त्वांसाठी आपण आयुष्यभर झिजलो, ज्या श्रद्धेने कठीण दिवसांत आपल्याला तारले, ज्या सवयींमुळे चार माणसांत आपल्याला मान मिळाला, त्यांचे पुढे काय होणार, हे त्या कागदावर कोठेच नसते. ती ठेव कोणाच्या नावावर करायची?

यहुदी लोकांनी या प्रश्नाचा फार जुन्या काळापासून विचार केला आहे. मध्ययुगापासून त्यांच्यात एक वेगळ्याच प्रकारचे मृत्युपत्र लिहिण्याची प्रथा आढळते. हिब्रू भाषेत त्याला 'त्झवाआ' म्हणतात. त्यात पैशाअडक्याची वाटणी मुख्य नसते. कसे जगावे, याविषयी आईबापांनी मुलांना सांगितलेल्या चार गोष्टी असतात. बाराव्या शतकात फ्रान्सच्या दक्षिणेकडील लुनेल गावी यहूदा इब्न तिब्बोन नावाचे एक वैद्य राहत होते. अरबी ग्रंथांचे हिब्रूत भाषांतर करणारे ते मोठे विद्वान होते. आपला मुलगा शमुवेल याच्यासाठी त्यांनी असे एक मृत्युपत्र लिहिले. पुस्तकांची निगा राखावी, कोणाला पुस्तक उसने दिले तर त्याची नोंद ठेवावी, पत्नीचा मान राखावा, गरीब रोग्यांकडून पैसे घेऊ नयेत, असा उपदेश त्यात आहे. मुलगा अभ्यासात लक्ष घालत नाही म्हणून त्याची चांगली खरडपट्टीही आहे! पुढे हाच शमुवेल बापापेक्षा मोठा भाषांतरकार झाला. मैमोनिदेस या थोर यहुदी तत्त्वज्ञाचा प्रमुख ग्रंथ त्याने १२०४ साली हिब्रूत आणला. ते पाहायला बाप हयात नव्हता.

बापाच्या बोलण्यामुळे शमुवेल घडला, की बापाने केलेल्या कामाकडे पाहत पाहत घडला? कोण सांगू शकेल? पण प्रश्न मात्र आपल्या प्रत्येक घराचा आहे. मूल्ये खरोखरच दुसऱ्याला देता येतात का? आणि येत असतील, तर ज्याने ती मागितलेली नाहीत अशा लहान मुलाला ती देण्याचा आपल्याला अधिकार आहे का? यहुदी परंपरेने या दोन्ही प्रश्नांशी कशी झुंज दिली, ते आज पाहू या.

पहिली शाळा: घर

अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यहुदी लोकांच्या श्रद्धेची कबुली आहे. तिला 'शेमा' म्हणतात. शेमा म्हणजे 'ऐक'. परमेश्वर एकच आहे आणि त्याच्यावर पूर्ण मनाने प्रेम करायचे, हा तिचा गाभा. धार्मिक यहुदी माणूस सकाळी उठल्यावर आणि रात्री ती म्हणतो. प्रभू येशूला सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारण्यात आले, तेव्हा त्याने उत्तराची सुरुवात याच शब्दांनी केली, असे संत मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात सांगतो.

या कबुलीला लागूनच मुलांना शिकवण्याची आज्ञा येते. ती देताना मंदिराचा किंवा शाळेचा उल्लेख नाही. घरात बसणे, रस्त्याने चालणे, झोपणे, उठणे, एवढ्याच जागा आणि वेळा सांगितल्या आहेत. म्हणजे शिकवणीचा तास असा नाहीच. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंतचे सगळे जगणे हाच तास. दाराच्या चौकटीवर 'मझुझा' ही छोटी नळी लावतात, तिच्यात हेच वचन चर्मपत्रावर लिहून ठेवलेले असते. मूल घरातून जाता-येता ती पाहते. कधीतरी बोट दाखवून विचारते.

येथे शिकवण्यासाठी जे हिब्रू क्रियापद वापरले आहे, त्याचा संबंध धार लावण्याशी आहे. कोयत्याला धार लावायची तर दगडावर एकदा घासून भागत नाही. पुन्हा पुन्हा, एकाच कोनातून, धीराने घासावे लागते. जोर फार लावला तर पातेच खराब होते. मुलांच्या बाबतीतही हेच नाही का?

या आज्ञेतील क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. हे शब्द आधी तुमच्या स्वतःच्या अंतःकरणात असू द्या, असे सांगितल्यानंतरच मुलांचा विषय निघतो. आपल्याकडे म्हणतातच, आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रश्नाची वाट पाहणारी रात्र

वल्हांडण सणाची, म्हणजेच पास्काची पहिली रात्र ही यहुदी घरातील वर्षातली मोठी रात्र. त्या रात्रीच्या भोजनविधीला 'सेदेर' म्हणतात आणि भोजनाच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाला 'हग्गादा', म्हणजे कथन. मिसरच्या गुलामगिरीतून देवाने कसे सोडवले, ती कथा त्या रात्री सांगायची असते. पण ती सांगण्याची पद्धत पाहा.

घरातील सर्वांत लहान मूल आधी प्रश्न विचारते. आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? आज बेखमीर भाकरच का? कडू पाला का? चटणी-पाण्यात बुडवून का खायचे? टेकून का बसायचे? प्रश्न आल्यावरच मोठी माणसे कथा सांगू लागतात. मुलांना प्रश्न पडावेत म्हणून प्राचीन रब्बींनी नाना युक्त्या केल्या. त्यांच्या चर्चांचा महाग्रंथ म्हणजे ताल्मूद. त्यात लिहिले आहे की रब्बी अकीबा मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटत असत. हेतू हा, की त्यांनी झोपू नये आणि विचारावे. जेवण सुरू होण्यापूर्वीच ताटे उचलायची, म्हणजे मूल चकित होऊन विचारील, हीसुद्धा त्यांतलीच युक्ती. आजही बेखमीर भाकरीचा एक तुकडा लपवला जातो. मुले तो शोधून काढतात आणि बक्षीस मिळाल्याशिवाय परत देत नाहीत. तो तुकडा मिळाल्याखेरीज भोजनाचा विधी पुरा होत नाही. म्हणजे त्या रात्रीपुरती घराची किल्ली मुलांच्या हाती!

घरात मूल नसेल तर पत्नीने विचारावे. कोणीच नसेल तर एकट्या माणसाने स्वतःलाच विचारावे. दोन पंडित एकत्र जेवत असतील आणि दोघांनाही सगळे नियम तोंडपाठ असतील, तरी त्यांनीही एकमेकांना विचारावे, असा दंडक आहे. उत्तर माहीत असणे पुरेसे नाही, ही या सर्वामागची समजूत आहे. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मनात रुजत नाही.

आता बापाच्या उत्तराकडे वळू. निर्गमच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे की मुलाला समजावताना बापाने बोलायचे ते स्वतःविषयी: देवाने माझ्यासाठी काय केले. मिसर सोडणारी पिढी केव्हाच मातीत गेली. तरीही प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक माणसाने आपण स्वतः गुलामगिरीतून बाहेर आलो असे मानावे, अशी हग्गादाची शिकवण आहे. आजोबांची गोष्ट सांगणे सोपे असते. माझ्या आयुष्यात देवाने मला कशातून सोडवले, हे मुलासमोर बोलणे अवघड. त्यासाठी आपल्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी घडलेले असावे लागते, आणि ते ओळखण्याची नजरही असावी लागते. मुलाच्या प्रश्नाने खरी परीक्षा होते ती बापाची.

एकाच पंगतीतील चौघे

हग्गादात चार मुलांचे वर्णन येते. एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा आणि एक असा की ज्याला काय विचारावे तेच कळत नाही. शहाणा मुलगा सगळे नियम बारकाईने विचारतो. त्याला तसेच बारकाईने शिकवायचे. भोळा विचारतो, हे काय आहे? त्याला साध्या शब्दांत सांगायचे. मुलाची समज जेवढी, तेवढेच आणि तसेच शिकवावे, असा नियम इसवी सनाच्या सुमारे २०० साली संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात आहे.

दुष्ट म्हटलेला मुलगा विचारतो की हे सारे तुम्ही कशासाठी करता? त्याच्या 'तुम्ही'त तो स्वतः नाही. त्याने स्वतःला समाजातून बाहेर काढले आहे, म्हणून त्याला उत्तरही झोंबणारे दिले जाते. पण एक गोष्ट नजरेतून निसटू नये. हा मुलगा घराबाहेर नाही. त्याच टेबलाशी, भावंडांच्या शेजारी तो बसला आहे. त्याच्यासाठी पेला भरला आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांनी त्याचा प्रश्न गाळला नाही. शहाण्याच्या प्रश्नाला लागूनच त्याला जागा दिली. दरवर्षी घराघरांत तो प्रश्न मोठ्याने वाचला जातो. बंडखोर मुलाला कडक शब्द ऐकवावे लागतील, पण त्याचे पान मांडायचे थांबवू नये, एवढे तरी यातून आपण घ्यावे.

चौथ्या मुलाविषयीची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. जो विचारत नाही, त्याच्यासाठी तुम्हीच सुरुवात करा, असे तेथे सांगितले आहे. आपल्या घरांत आज हाच मुलगा जास्त आढळतो. तो उलट बोलत नाही, भांडत नाही, मिस्सालाही मुकाट्याने येतो. कानात यंत्र घालून मोबाईलकडे पाहत बसतो. त्याला काहीच विचारायचे नसते. आपण मात्र मुलगा शांत आहे म्हणून निर्धास्त राहतो.

आठवण कशाची ठेवायची?

नुसती परंपरा पुढे गेली म्हणजे चांगले काही पुढे गेले, असे म्हणता येणार नाही. वैरही पिढ्यान् पिढ्या चालत येते. बांधाचे भांडण आजोबांकडून नातवापर्यंत पोहोचते. म्हणून काय पुढे द्यायचे, हा प्रश्न आधी येतो.

यहुदी घरात मुलाला पहिली आठवण दिली जाते ती राजवैभवाची नव्हे. दावीद राजाच्या पराक्रमाने किंवा शलमोनाच्या मंदिराने सेदेरची सुरुवात होत नाही. आपण गुलाम होतो, येथून ती होते. आणि या आठवणीला लगेच एक कर्तव्य जोडलेले आहे. तुम्ही स्वतः परदेशात परके होता, तेव्हा परक्या माणसाला छळू नका, ही आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात पुन्हा पुन्हा येते. सेदेरच्या आरंभीच भुकेल्या माणसाला घरात येऊन जेवण्याचे आमंत्रण दिले जाते. मिसरवर आलेल्या दहा पीडांची नावे वाचताना प्रत्येक नावासरशी द्राक्षारसाचा एकेक थेंब पेल्यातून बाहेर काढतात. शत्रूच्या दुःखामुळे आपल्याही आनंदाचा पेला तेवढा कमी भरावा, असा त्याचा अर्थ मुलांना सांगितला जातो.

दुःखाची आठवण माणसाला कडवटही करते आणि कोमलही करते. ती मुलांना कशी सांगितली जाते, यावर ते अवलंबून असते. आपल्या आजोबांनी सोसलेली गरिबी आपण मुलांना कशासाठी सांगतो? त्यांनी आपले उपकार मानावेत म्हणून, की दारात आलेल्या गरिबाशी त्यांनी नीट वागावे म्हणून?

ही शिकवण व्यवहार सोडून नाही. बापाने मुलासाठी काय काय करावे, याची यादी ताल्मूदमध्ये आहे. त्याला धर्मशास्त्र शिकवावे, त्याचे लग्न लावून द्यावे आणि त्याला एखादा धंदा शिकवावा. काहींच्या मते पोहायलाही शिकवावे. जो बाप मुलाला कामधंदा शिकवत नाही तो जणू त्याला चोरीच शिकवतो, असे रब्बी यहूदा यांचे मत तेथे नोंदवले आहे. प्रार्थना शिकलेला पण हाताला काम नसलेला मुलगा किती दिवस प्रामाणिक राहील? आणि पोहणे? एक दिवस आईबाप काठावर असतील आणि मूल एकटे पाण्यात असेल, हे त्या जुन्या माणसांनी ओळखले होते.

देणे की लादणे?

आता दुसरा प्रश्न. अनेक सुशिक्षित पालक आज म्हणतात, "आम्ही मुलावर काही लादत नाही. मोठा झाला की त्याचे तो ठरवील." हा विचार नवा नाही. रूसो या फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या विचारवंताने १७६२ साली 'एमिल' या ग्रंथात सुचवले की मुलाला लहानपणी धर्म शिकवूच नये. न कळणारे शब्द मुलाच्या तोंडी घालण्याने श्रद्धा वाढत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते सहज झटकून टाकण्यासारखे नाही. अर्थ न समजता घडाघडा म्हटलेल्या प्रार्थना आपण सर्वांनी ऐकल्या आहेत.

तरीही या म्हणण्यात एक चूक आहे. मातृभाषा आपण मुलाला विचारून देत नाही. मोठा झाल्यावर कोणती भाषा बोलायची ते त्याने ठरवावे, म्हणून पंधरा वर्षे त्याच्याशी कोणी मुके राहत नाही. तसे केले तर मूल स्वतंत्र होणार नाही. ते मुकेच राहील. एक भाषा नीट आली की दुसरी शिकता येते, पहिलीतले दोषही दिसतात. श्रद्धेचे आणि नीतीचे तसेच आहे. ज्याला काहीच मिळालेले नाही, तो कशातून निवड करणार? शिवाय आपण गप्प बसलो म्हणून मुलाच्या कानावर काही पडत नाही, असे नाही. जाहिरात बोलते, बाजार बोलतो, पडदा बोलतो. त्यांपैकी कोणीही मुलाची परवानगी घेत नाही.

मात्र रूसोच्या भीतीत तथ्य आहे, ते हे की मूल ही आपली मालमत्ता नव्हे. यहुदी परंपरेलाही हे मान्य आहे. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो 'बार मित्स्वा' होतो, म्हणजे आज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या शिरावर येते. मुलीसाठी हे वय बारा धरतात. त्या प्रसंगी बाप एक लहानसा धन्यवाद म्हणतो, तो ऐकून आपल्याला नवल वाटेल: या मुलाच्या कर्माच्या जबाबदारीतून मला मोकळे केल्याबद्दल देवाचे आभार! याचा अर्थ बापाचे प्रेम संपले असा नाही. आता हा देवासमोर स्वतःच्या पायांवर उभा आहे, एवढे बापाने चारचौघांत कबूल करायचे. हात धरायलाही शिकावे लागते आणि सोडायलाही.

संत लूकने सांगितलेली बारा वर्षांच्या येशूची कथा या संदर्भात वाचून पाहा. आईवडील त्याला दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे वल्हांडणासाठी यरुशलेमला नेतात. परतताना तो हरवतो. तीन दिवसांनी सापडतो तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकतो आहे आणि प्रश्न विचारतो आहे. घराने शिकवलेले प्रश्न विचारणे त्याला घराच्या पलीकडे घेऊन गेले. त्याचे उत्तर मरिया-योसेफाला त्या वेळी समजले नाही. आई ते सारे मनात जपून ठेवते.

ज्यांना बाप नाही, त्यांचे काय?

सगळा भार घरावर टाकला तर ज्याला घरच नाही तो मागे राहतो. ताल्मूदमध्ये याची प्रांजळ नोंद आहे. पूर्वी ज्याला बाप होता तो बापाकडून शिके. ज्याला नव्हता तो शिकतच नसे. पहिल्या शतकात, यरुशलेमचे मंदिर पडण्यापूर्वी काही वर्षे, यहोशवा बेन गमला या प्रमुख याजकाने ही उणीव दूर केली. प्रत्येक गावी शिक्षक नेमावेत आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्याकडे पाठवावे, अशी व्यवस्था त्याने लावली. पुढे एका शिक्षकाकडे पंचवीस मुले असा नियमही ठरला. अनाथ मुलाचा वारसा ही साऱ्या गावाची जबाबदारी झाली.

मुलींच्या बाबतीत मात्र वाट लांब होती. मुलीला धर्मशास्त्र शिकवणे हे बापाचे कर्तव्य आहे असे बेन अझ्झाई म्हणे. रब्बी एलिएझर यांचा त्याला कडक विरोध होता. मिश्नामध्ये दोन्ही मते शेजारी शेजारी आहेत, पण शतकानुशतके पगडा राहिला तो विरोधाचा. अखेर पोलंडमधील क्राकुव्ह शहरी सारा शेनिरेर या शिवणकाम करणाऱ्या बाईने १९१७ साली मुलींसाठी शाळा सुरू केली. तिच्यातून पुढे 'बेथ याकोब' शाळांचे मोठे जाळे उभे राहिले. परंपरा जपायची म्हणून तिच्यातली उणीवही जपायची, असे नाही. ती जपणाऱ्यांनीच कधी कधी दुरुस्त करावी लागते.

चांगल्या घरांतील अपयश

एवढे सगळे केले तर मुले चांगली निघतातच का? पवित्र शास्त्र येथे कोणाचीही खोटी समजूत काढत नाही. एली याजकाचे मुलगे हफनी आणि फिनहास मंदिरातच अनाचार करत. ते पाहत मोठा झालेला शमुवेल संदेष्टा झाला, निःस्पृह म्हणून त्याची कीर्ती झाली. पण त्याचे स्वतःचे मुलगे योएल आणि अबीया न्यायाधीश होऊन लाच खाऊ लागले. यहोशवाची पिढी गेल्यावर देवाला न ओळखणारी नवी पिढी उभी राहिली, असे शास्ते या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. याकोब आणि एसाव जुळे भाऊ. तेरा वर्षांपर्यंत दोघे सारखेच वागत, त्यानंतर एक अभ्यासगृहाकडे वळला आणि दुसरा मूर्तींकडे, असे रब्बींनी म्हटले आहे. घर एकच, आई एकच, बापही एकच.

ज्या आईबापांची मुले वेगळ्या वाटेने गेली आहेत, त्यांच्याकडे आपण बोट दाखवतो. "खाण तशी माती" म्हणून मोकळे होतो. हे बोलणे निर्दयच नव्हे, खोटेही आहे. पेरणे आपल्या हाती असते. उगवणे पूर्णपणे आपल्या हाती नसते. पण म्हणून पेरलेच नाही, तर दोष आपलाच.

कोकणातील साक्ष

या साऱ्याची एक साक्ष आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरच आहे. बेने इस्राएल या यहुदी समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असे त्यांची परंपरा सांगते. ते खेड्यापाड्यांत राहिले, घाणी चालवून तेल गाळू लागले, मराठी बोलू लागले. गावांवरून त्यांची आडनावे पडली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्यापाशी ग्रंथ राहिले नव्हते, हिब्रू भाषा विसरली गेली होती. तरी चार गोष्टी टिकल्या: शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शेमा. जन्म असो, लग्न असो, मृत्यू असो, प्रसंगी तीच एक प्रार्थना म्हटली जाई. दावीद रहाबी नावाचा यहुदी गृहस्थ त्यांच्याकडे आला, तेव्हा खवले नसलेली मासळी येथील बायकांनी वेगळी काढली आणि त्यावरून त्याने त्यांना ओळखले, अशी आख्यायिका आहे.

पुढे मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. पुण्यात १८७४ साली हिब्रू मजकुरासोबत मराठी भाषांतर असलेला हग्गादा छापला गेला. त्यातील प्रश्न मराठी मुलांना मराठीतच समजू लागले. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. मुंबई, ठाणे, रायगड या भागांत आजही काही राहतात. पुस्तके नसताना, गुरू नसताना हा वारसा शतकानुशतके कोणी सांभाळला? घाण्याने, चुलीने आणि पाळण्याने. घरात रोज जे केले जात होते, तेच टिकले.

तिसऱ्या पिल्लाचे उत्तर

शेवटी एका आईची गोष्ट. जर्मनीतील हॅम्बुर्गची ग्लिकेल ही व्यापारी घरातील स्त्री. १६८९ साली तिचा नवरा वारला. झोप न येणाऱ्या रात्री कशाबशा काढण्यासाठी १६९१ साली ती यिद्दिश भाषेत आपल्या आठवणी लिहू लागली. आपण कोणत्या माणसांपासून आलो हे मुलांना कळावे, हा तिचा हेतू. त्या आठवणींच्या सुरुवातीलाच तिने एक कथा घातली आहे.

एका पक्ष्याला तीन पिल्ले होती. वादळ सुटले, तेव्हा पिल्लांना एकेक करून समुद्रापार नेणे भाग पडले. पहिल्या पिल्लाला पंजात धरून उडताना बाप त्याला म्हणाला की मी तुझ्यासाठी जीव धोक्यात घातला आहे. मी म्हातारा झाल्यावर तू माझ्यासाठी असेच करशील ना? पिल्लाने लगेच हो म्हटले. हे खोटे बोलते आहे असे म्हणत बापाने त्याला समुद्रात सोडून दिले. दुसऱ्याचेही तेच झाले. तिसरे म्हणाले की तुझ्यासाठी करीन असे वचन मला देता येत नाही. पण मला पिल्ले झाली की तू माझ्यासाठी जे केलेस ते मी त्यांच्यासाठी नक्की करीन. बापाने त्याला सुखरूप पैलतीरी नेले.

कथा कठोर आहे. ऐकताना अंगावर काटा येतो. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा यहुदी धर्मातही दहा आज्ञांपैकी एक आहे, आणि ग्लिकेलला ती ठाऊक नव्हती असे नाही. पण आईबापांचे ऋण पूर्णपणे मागे फेडता येत नाही, ते पुढेच फेडावे लागते, हे तिला मुलांना सांगायचे होते. मुले आपल्याला काय परत देतील, या हिशेबाने दिलेले संस्कार म्हणजे कर्ज. त्यांनी पुढच्या बाळाला काय द्यावे, या विचाराने दिलेला तो वारसा.

बंधुभगिनींनो, यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी आई दिवे लावते. त्यानंतर मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आईवडील आशीर्वाद देतात. मुलगे एफ्राईम आणि मनश्शेसारखे व्हावेत, मुली सारा, रिबेका, राहेल आणि लेआसारख्या व्हाव्यात, असे मागतात. एफ्राईम आणि मनश्शे हे योसेफाचे मुलगे, परक्या मिसर देशात जन्मलेले. परक्या वाऱ्यात वाढूनही ती मुले आपल्या आजोबांच्या देवाची राहिली, म्हणून त्यांचे नाव घेतात, असा खुलासा केला जातो. आठवडा कसाही गेलेला असो, मुलाशी भांडण झालेले असो, शुक्रवारी हात डोक्यावर जातोच.

आज रविवार. दुपारी सगळे घरी असतील. आपल्या घरात असे काय आहे, की जे पाहून मुलाने विचारावे, "आपण हे का करतो?" आणि त्याने विचारलेच, तर "पूर्वीपासून चालत आले आहे" यापलीकडे, स्वतःच्या जगण्यातले असे कोणते उत्तर आपल्यापाशी आहे? जेवण वाढण्यापूर्वी प्रत्येक आईवडिलांनी याचा क्षणभर विचार करावा. आणि मूल गप्पच बसले, तर बोलायला आपणच सुरुवात करावी.